चांगुणा स्वार्थी होती का?

सोलापूरहून एका वाचक मैत्रिणीचं आठ पानी पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून गोषवारा देते.

वय ३७. जुळे सोलापुरात राहतात, मराठी शाळेत शिकवतात. मिस्टर ४१ वर्षांचे, अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर. लग्नाला ११ वर्षं झाली. पुण्याला जाऊन दोनदा आयव्हीएफ केलं, दोन्ही वेळा यश आलं नाही. पतपेढीचे हप्ते अजून चालू आहेत. ताईंना आणखी एकदा प्रयत्न करायचा आहे, नाहीतर मूल दत्तक घ्यायचं आहे. मिस्टर म्हणतात, "आता बास." सख्खी बहीण म्हणते, "एवढी अनाथ मुलं असताना तुला पोटचंच हवंय, हा स्वार्थ नाही तर काय?"

शेजारी श्रावणात पोथी लावतात. यंदा श्रीयाळ-चांगुणेचा अध्याय झाला. प्रसाद घेताना कॉलेजात जाणारी भाची म्हणाली, "चांगुणाच स्वार्थी होती. आधी पुण्य मिळवायला मूल दिलं, मग कूस ओस पडू नये म्हणून परत मागितलं. त्या मुलाला कुणी विचारलं?" कुणीतरी घाईघाईने विषय बदलला आणि सगळ्या आपल्याकडेच बघताहेत असं ताईंना वाटलं. "तेव्हापासून धड झोप नाही," असं त्या लिहितात. "चांगुणेची आस स्वार्थी होती का? आणि मग माझी?"

प्रिय ताई,

तुम्ही चांगुणेपासून सुरुवात केलीत, मीही तिथूनच करते. ज्यांच्या कानावर ही कथा गेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. राजा श्रीयाळ आणि राणी चांगुणा दोघंही शिवभक्त. दारी आलेल्या अतिथीला विन्मुख पाठवायचं नाही, हे त्यांचं व्रत. शंकर परीक्षा बघायला गोसाव्याच्या रूपात येतात आणि जेवायला मागतात ते त्यांच्या एकुलत्या एक चिलया बाळाचं मांस. राणी काळजावर दगड ठेवून रांधते. मुलाचं शिर तेवढं बघायला म्हणून लपवून ठेवते. अतिथीला ते कळतं. तो म्हणतो, तेही उखळात घालून कांड, आणि डोळ्यात पाणी न आणता, गाणं म्हणत कांड. ती कांडते. ताट वाढलं जातं आणि गोसावी उठायला लागतो. म्हणतो, निपुत्रिकाच्या घरचं अन्न मी घेत नाही.

लहानपणी मी ही कथा ऐकायचे तेव्हा बायका याच जागी पदर डोळ्याला लावायच्या. आपल्या सोलापुरात तेलुगू आणि कानडी घरांतही सिरियाळाच्या नावाने ती सांगतात, आणि मी जिथे जिथे ऐकली तिथे रडण्याची जागा हीच. का रडतात ते मला फार उशिरा कळलं. मूल मागणारा तोच, आणि मूल नाही म्हणून ताटावरून उठणाराही तोच. पुढे राणी हाक मारते, चिलया धावत येतो, शंकर प्रकट होतात. ती देवाने घेतलेली परीक्षा आहे आणि भक्तीची कथा म्हणून ती आमच्याही घरी दरवर्षी वाचली जाते. पण देव नसलेली माणसं जेव्हा तीच परीक्षा घेतात, तेव्हा काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. मूल झालं नाही तर डोहाळेजेवणाला ओटी भरायला पुढे बोलवायचं नाही, आणि मूल हवं म्हणालात तर स्वार्थी म्हणायचं. दोन्हीकडून ताटावरून उठायचं.

भाचीला एक विचारा. या सगळ्या कथेत चांगुणा स्वतःहून, स्वतःसाठी काय ठेवते? ते लपवलेलं शिर. पोराचं तोंड एकदा बघायला मिळावं, एवढं तिने चोरलं. त्याला स्वार्थ म्हणायचं असेल तर म्हणावं, मला मात्र सबंध कथेत तेवढ्याच जागी ती ओळखीची बाई वाटते. आणि हेही विचारा की राजा श्रीयाळ तिथेच होता, मग स्वार्थाचा ठपका एकट्या राणीवर का?

तरीही भाचीवर रागावू नका. "त्या मुलाला कुणी विचारलं?" हा तिचा प्रश्न खरा आहे आणि तो मी शेवटपर्यंत सोडणार नाही. तिने तो चुकीच्या दिवशी, चुकीच्या घरात विचारला, इतकंच.

आता बहिणीचं बोलणं. तुमच्या पत्रात आहे की तिला दोन मुलं आहेत. ती झाली तेव्हा तिला कुणी विचारलं होतं का, की अनाथ मुलं असताना तू पोटची का जन्माला घातलीस? नाही विचारलं, आणि विचारायला नकोच होतं. जन्माला येणारं प्रत्येक मूल मोठ्यांच्या इच्छेने येतं, नाहीतर कुणी फारसा विचार न करता येतं. मुलाच्या अर्जावरून कुणी जन्माला घालत नाही. मग ज्या बाईला ते सहज होतं तिची इच्छा निसर्ग ठरते आणि जिला दवाखान्याची पायरी चढावी लागते तिची इच्छा स्वार्थ ठरते, हा न्याय कुठला? तुमच्या आणि तिच्या इच्छेत फरक असेल तर एवढाच, की तुमची इच्छा सगळ्यांना दिसली. इंजेक्शनं, रजा, कर्ज यांतून ती चारचौघांत आली.

शिवाय तिच्या बोलण्यातली माहितीही अपुरी आहे. मुलं रांगेत उभी आहेत आणि त्यांना घरी न्यायला कुणी येत नाही, असं चित्र आपल्या डोक्यात असतं. प्रत्यक्षात ज्यांना कायद्याने दत्तक देता येतं अशी मुलं कमी आहेत आणि नाव नोंदवून थांबलेले पालक त्यांच्या अनेक पटींनी जास्त. लहान, निरोगी बाळासाठी काही वर्षं थांबावं लागतं. घरासाठी खरोखर खोळंबलेली असतात ती थोडी मोठी झालेली मुलं, भावंडांच्या जोड्या, विशेष गरजा असलेली मुलं. त्यांच्यासाठी जीव तुटत असेल तर जरूर पुढे व्हा. पण बहिणीला उत्तर द्यायचं म्हणून दत्तक घेऊ नका. ते मूल कुणाचं तोंड बंद करायला घरी आलेलं नसावं.

आता माझ्या लहानपणची एक गोष्ट सांगते. आम्ही साखर पेठेत राहायचो. शेजारी एक अक्का होत्या, मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळायच्या. त्यांना मूल नव्हतं. माझ्या धाकट्या भावाच्या बारशाला त्यांनी हिरव्या खणाची कुंची शिवून आणली. आजीने ती घेतली, हसून घेतली, पण बाळाच्या डोक्यावर घालायला दुसऱ्या बाईला बोलावलं. अक्का दारातच उभ्या होत्या. थोड्या वेळाने दिसेनाशा झाल्या. मी तेव्हा नऊ वर्षांची असेन. त्यांच्या घरी पळत गेले तर त्या भिजवलेली पानं कात्रीने कापत बसल्या होत्या. एक पान, दुसरं पान, हात थांबत नव्हते. मी म्हटलं, अक्का, तुम्हाला बाळ का पाहिजे? पोरांनी विचारावा तसा प्रश्न. त्यांनी कात्री खाली ठेवली आणि त्यांच्या त्या तेलुगू वळणाच्या मराठीत म्हणाल्या, "मला काय पाहिजे बे. दुपारी शाळेतून पळत येऊन कोणतरी दप्तर फेकावं घरात. मग मी ओरडावं, असं फेकतात का म्हणून."

दुसऱ्या दिवसापासून मी माझं दप्तर त्यांच्याकडे फेकायला लागले. त्या ओरडायच्या.

ताई, स्वार्थ या शब्दाशी मी जेव्हा जेव्हा अडते तेव्हा मला ते दप्तर आठवतं. त्यात अक्कांचं सुख होतं, नाही कशाला म्हणू? पण त्या सुखात येणाऱ्या पोरालाही पुरेशी जागा होती. आणि कुंचीच्या दिवशी जे झालं, त्यात माझ्या आजीला अक्कांचा स्वार्थ दिसला नव्हता, अपशकुन दिसला होता. आजी वाईट नव्हती. पण ती चुकली होती आणि हे मी तिला कधी बोलून दाखवलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

गोष्ट इथे थांबली असती तर गोड झाली असती. पुढे अक्कांनी बहिणीची मुलगी घरी आणून वाढवली. जीव ओतून वाढवली. बारावीनंतर त्या मुलीला नर्सिंगला पुण्याला जायचं होतं आणि अक्कांनी साफ नाही म्हटलं. भिंतीपलीकडून मला त्यांचा आवाज ऐकू आला होता. "मी तुला कशासाठी आणलं?" त्या मुलीची दोन वर्षं त्या एका वाक्यात गेली. शेवटी गेली ती, अक्कांनीच तिची पेटी भरून दिली. पण तुम्ही मला विचाराल की या सगळ्यात स्वार्थ नेमका कुठे होता, तर मी त्या वाक्यावर बोट ठेवीन. मूल हवंसं वाटण्यात तो नव्हता. आलेल्या मुलाच्या हातात जुनं बिल ठेवण्यात होता. आणि हे पोटच्या मुलांचे आईबापही रोज करतात.

आपल्या भाषेतच बघा. वंशाचा दिवा. म्हातारपणाची काठी. शेवटचं पाणी पाजायला कुणीतरी. पुत्र शब्दाचीसुद्धा जुनी फोड आहे ती 'पुत् नावाच्या नरकातून तारतो तो' अशी. सगळी मुलाची कामं आहेत, त्याच्या जन्माआधी नेमून ठेवलेली. आपल्या वाडवडिलांनी मूल कशासाठी हवं हे कधी लपवलं नाही. या शब्दांत वाढलेल्या बाईला स्वतःची आस कळायला वेळ लागतो, कारण ती वरच्या थराला कायम दुसऱ्यांच्या शब्दांत बोलते. म्हणून तुम्हाला एक काम सांगते, आणि ज्यांना ज्यांना हे पत्र आपलंसं वाटेल त्यांनाही. एका निवांत दुपारी वही घ्या आणि लिहा, मूल आलं की त्याने काय करायचं आहे? सासूबाईंचं बोलणं थांबवायचं आहे? नवऱ्याला घरी लवकर आणायचं आहे? मला पूर्ण बाई करायचं आहे? लाजू नका, जे येईल ते लिहा. मग त्यातलं एकेक खोडून बघा. ते मूल यातलं काहीच करणार नाही, पुढे कदाचित दूर देशी जाईल, तुमच्यासारखं दिसणार नाही, तुमचं ऐकणार नाही, तरीही ते यावंसं वाटतं का? खोडून झाल्यावर खाली जे उरेल, ते तुमचं. भाचीच्या प्रश्नाला मला सुचलेलं उत्तर हेच आहे. मुलाला आधी विचारता येत नाही, पण त्याच्यावर आधी काही लादलं नाही तर मोठं झाल्यावर त्याला 'नाही' म्हणता येतं.

आता व्यवहाराचं बोलू.

तिसऱ्यांदा आयव्हीएफ करायचं असेल तर आधी पैशाचा आणि तारखेचा आकडा ठरवा, आणि तो दवाखान्यात जाण्याआधी घरी ठरवा. पहिला हप्ता भरल्यावर माणूस थांबत नाही, "एवढं केलं, आता थोडं" असं होत जातं. घर किंवा दागिने गहाण ठेवून प्रयत्न करू नये, हे माझं स्पष्ट मत. डॉक्टरांना तीन गोष्टी तोंडावर विचारा. मागच्या दोन वेळा नेमकं कुठे अडलं? माझ्या वयाच्या बायकांत, माझ्या स्वतःच्या स्त्रीबीजावर, दर शंभर प्रयत्नांमागे प्रत्यक्ष किती बाळं घरी गेली? इथे बाळंच मोजायला सांगा. चाचणी पॉझिटिव्ह आलेल्या सगळ्यांचा आकडा मोठा असतो, त्याने दिशाभूल होते. आणि तिसरं, मिस्टरांच्या तपासण्या शेवटच्या कधी झाल्या? तुमच्या आठ पानांत त्यांच्या एकाही तपासणीचा उल्लेख नाही. अडचण पुरुषाकडे किंवा दोघांकडे असणं अजिबात दुर्मीळ नाही. पस्तिशीनंतर बाईच्या बाबतीत यशाचं प्रमाण भराभर उतरतं, हे कडू असलं तरी खरं आहे, म्हणून 'बघू पुढच्या वर्षी' यात वेळ घालवू नका. दवाखाना आयव्हीएफसारख्या उपचारांसाठी झालेल्या २०२१ च्या कायद्याखाली नोंदणी झालेला आहे ना, हे बघा. निकालाच्या दिवशी पुढचा कोणताही निर्णय घेऊ नका.

दत्तकाचं म्हणाल तर हा रस्ता आपल्याकडे नवा नाही. जोतिबा आणि सावित्रीबाईंनी १८७४ मध्ये एका विधवेचं बाळ दत्तक घेतलं, तोच यशवंत पुढे डॉक्टर झाला. आपल्याच जिल्ह्यात, पंढरपुरात, १८७५ पासून टाकलेल्या बाळांसाठी बालकाश्रम आहे. आज नोंदणी ऑनलाइन होते, केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या म्हणजे 'कारा'च्या संकेतस्थळावर. मग समाजसेविका घरी येऊन बोलते, घर बघते. घाबरू नका, फर्निचर बघायला ती येत नाही. शेवटचा आदेश आता जिल्हाधिकारी देतात. महत्त्वाचं म्हणजे नवरा-बायकोच्या वयाची बेरीज धरतात. दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी ती ८५ च्या वर चालत नाही, दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी ९०, चार ते आठसाठी १००. तुमची दोघांची आज ७८ होते आणि दरवर्षी दोनने वाढते. विचार पक्का असेल तर नोंदणी लांबवू नका. दोघांची संमती लागते, एकट्या बाईच्या सहीवर जोडप्याचं दत्तक होत नाही. आणि कुणी सांगितलं की "अमुक ठिकाणी एक मुलगी अडलीय, बाळ देऊन टाकणारे, फक्त खर्च द्या", तर तिथून उठून या. तो गुन्हा आहे, आणि त्या बाळाच्या डोक्यावर तो कायमचा टांगलेला राहतो. उपचाराचं दुःख ताजं असताना मात्र दत्तकाकडे धावू नका, काही महिने मध्ये जाऊ द्या. येणाऱ्या बाळाने न आलेल्या बाळाची जागा भरायची नसते.

तिसरा रस्ता थांबण्याचा. तुम्ही पत्रात तो लिहिलेलाच नाही, म्हणून मी लिहिते. दोघांनी मिळून 'आता नको' म्हणणं हाही पुरा निर्णय असतो. त्याचा शोक करावा लागतो, खराखुरा. पण त्यानंतरही घर घरच राहतं.

यातलं कुठलंही ठरवण्याआधी मिस्टरांशी बोलणं व्हायला हवं. तुम्ही लिहिलंय की दुसऱ्या वेळी निकाल कळल्यावर संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने परत येताना कुर्डुवाडीपर्यंत दोघं एक शब्द बोलला नाहीत, आणि कुर्डुवाडीला ते उतरून तुमच्यासाठी चहा घेऊन आले, स्वतःसाठी न घेता. ताई, हे वाक्य तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलंय. मी ते चारदा वाचलं. मला त्या कपात तक्रार दिसली नाही. त्यांचंही काहीतरी त्या गाडीत संपलं होतं आणि आजवर त्यांना त्याबद्दल कुणीच विचारलेलं नसणार, कारण आपल्याकडे मूल न होण्याचं दुःख बाईच्याच नावावर असतं.

तेव्हा "आता बास" म्हणजे कशाला बास, हे त्यांना विचारा. इंजेक्शनं बास? कर्ज बास? तुमचं रडणं बघणं बास? की मूलच नको? चारही उत्तरांचे रस्ते वेगळे आहेत आणि आज तुम्ही त्यातलं एक, सगळ्यात वाईट, गृहीत धरून बसला आहात. घरी सासूबाई आहेत, तिथे हे बोलणं व्हायचं नाही. रविवारी सकाळी सिद्धेश्वराच्या दर्शनाला म्हणून निघा आणि तलावाकाठी तासभर बसा. मोबाइल घरी ठेवा. तुम्ही आधी बोलू नका, थोडं थांबा, त्यांना वेळ लागेल.

मघाशी सांगितलेली वही बरोबर न्या. तुमचं लिहून झालं असेल तर ते पान दुमडून ठेवा आणि पुढचं कोरं पान त्यांच्यापुढे करा.